चंद्र आपल्या मागं का येतो? मुलांना काय सांगावं?

प्रश्न: नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी फिरताना चार वर्षांची मुलं हे हमखास विचारतात. उत्तर काय द्यावं? अन् मुलांची अशी वाक्यं टिपून कशी ठेवावी?

उत्तर १: आधी "तुला काय वाटते?" विचारा अन् थांबा. घाईनं दुरुस्त केलं की मूल गप्प होते. मग चालताना दाखवा: जवळचं झाड भरकन मागं जाते, दूरची इमारत हळूहळू. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर, म्हणून आपण चाललो तरी त्याची दिशा बदललेली दिसत नाही. चंद्र आपल्या मागं येतो, ही मुलांची समजूत स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनीही नोंदवली आहे. फार सुंदर प्रश्न आहे हा!

उत्तर २: वाक्य त्याच दिवशी, जसंच्या तसं लिहा. सोबत वय वर्षं-महिन्यांत, अन् आधी काय चाललं होतं तेही. नाहीतर पुढं संदर्भच लागत नाही. व्हिडिओसाठी मुलाला तेच परत बोलायला लावू नका, मग ते फक्त हसवायला बोलते.