विषय: आईबाबांसाठी ग्लोबल एन्ट्री – भारतीय पासपोर्ट, मुक्काम ठाणे

नमस्कार मंडळी,

आईबाबा पाचपाखाडीला असतात. दोघांचेही पासपोर्ट भारतीय, बी-१/बी-२ (पाहुण्यांचा) व्हिसा अजून बरीच वर्षं चालेल. वर्षाआड इकडे अमेरिकेत येतात. त्यांच्यासाठी टीएसए प्रीचेक काढावं, ग्लोबल एन्ट्री काढावी, की मुंबईतल्या त्या ई-गेटची नोंदणी पुरे? मुलं अमेरिकन नागरिक आहेत, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांची) कार्डं आहेत. सगळ्यांचा मिळून एक अर्ज होतो का? आणि ठाण्यात कुठे, कुणाकडे जावं लागतं? गणपतीत मी घरी आहे, तेव्हा तिथलं जे असेल ते उरकून टाकीन.

– एडिसनहून

---

ताई,

आपल्या यादीवर दर वेळी या गोष्टींची भेळ होते, म्हणून आधी कुठलं काय कुठल्या रांगेत कामाला येतं ते पाहा.

डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायची सोय, देशांतर्गत विमानांपुरती. अमेरिकेच्या प्रवासात तिचा काडीचा उपयोग नाही.

ई-गेटवाली योजना म्हणजे एफटीआय-टीटीपी (फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम). ती आपल्या इमिग्रेशन ब्यूरोची. मुंबईहून निघताना आणि परत आल्यावर शिक्क्याची रांग टळते, बस्स. चेक-इनची रांग तीच, सीआयएसएफची तपासणीही तीच.

ग्लोबल एन्ट्री अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याची, म्हणजे सीबीपीची. नेवार्कला उतरल्यावर तासभराची रांग असते, ती यात चुकते.

प्रीचेक म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळावरची सुरक्षा तपासणी. इथे लोक पैसे घालवतात. प्रीचेकचा सुटा अर्ज फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना करता येतो. व्हिसावर येणाऱ्या भारतीय माणसाला प्रीचेकचं एकच दार, ते म्हणजे ग्लोबल एन्ट्री. ती मिळाली की प्रीचेक आपोआप मिळतं. तेव्हा आईबाबांसाठी ‘हे की ते’ हा प्रश्नच नाही.

भारतीय नागरिकांना ग्लोबल एन्ट्री २०१७ पासून खुली आहे. शुल्क माणशी १२० डॉलर (१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०० होतं), अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. मुदत ५ वर्षं. अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र, तान्ह्या बाळाचासुद्धा. मात्र १८ वर्षांखालच्या मुलाचे आई, वडील किंवा पालक सदस्य असतील किंवा सोबतच अर्ज करत असतील तर मुलाला शुल्क नाही.

आता खरी मेख. भारतीय पासपोर्टवरचा हा अर्ज दोन पायांवर चालतो. एक पाय वॉशिंग्टनला, दुसरा तुमच्या पोलीस ठाण्यात. पहिला पाय आपोआप चालतो, दुसरा आपण उचलावा लागतो. टीटीपीच्या, म्हणजे ग्लोबल एन्ट्रीचा अर्ज घेणाऱ्या सीबीपीच्या संकेतस्थळावर (वरच्या एफटीआय-टीटीपीशी याचा संबंध नाही) पैसे भरून लोक ‘पेंडिंग रिव्ह्यू’कडे महिनोन्‌महिने बघत बसतात. तिथे कुणी कळवत नाही की बाबा रे, भारताकडून तुझा अहवालच यायचा आहे.

क्रम असा. आधी टीटीपीवर अर्ज आणि शुल्क. मग पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर आईबाबांच्या नावाने लॉगिन करून ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन फॉर जीईपी’ (ग्लोबल एन्ट्री प्रोग्राम) हा अर्ज. तो पासपोर्ट नूतनीकरणाच्या रांगेत नाही, पीसीसीच्या (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या) शेजारी स्वतंत्र दिलेला आहे. पुष्कळ जण चुकून पीसीसीच काढतात. ते प्रमाणपत्र हातात मिळतं, पण ग्लोबल एन्ट्रीच्या फाइलला त्याचा उपयोग शून्य. शुल्क ऑनलाइन भरायचं, अपॉइंटमेंट घ्यायची आणि पासपोर्ट सेवा केंद्रावर स्वतः जायचं. तुमच्यासाठी वागळे इस्टेटचं केंद्र. तुम्ही सोबत जाऊ शकता, त्यांच्याऐवजी नाही.

सोबत मूळ पासपोर्ट, पहिल्या-शेवटच्या पानांच्या प्रती, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, अर्जाची पावती आणि टीटीपीच्या अर्जाचा छापील कागद. पुढे पोलीस घरी येतात किंवा ठाण्यात बोलावतात. तो फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि ज्येष्ठ मंडळी हल्ली अनोळखी नंबर उचलत नाहीत (बरोबरच आहे त्यांचं). अर्ज केल्यापासून महिनाभर तरी उचलायला सांगा. ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा एकदा पडला की तो पुसायला दुप्पट खेटे.

– वाशी, सेक्टर २९

---

काका, एक पुरवणी जोडते, पोलीस ठाण्याबद्दल.

अर्जात पत्ता भरताना जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडावं लागतं, आणि आपल्या भागात हे दोन नकाशे जुळत नाहीत. ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबई. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, आयुक्तालय तरीही नवी मुंबईच. कळवा-मुंब्रा मात्र ठाणे आयुक्तालयाकडे. अंदाजाने ठाणं टाकलं की फाइल भलत्याच टेबलावर जाऊन बसते आणि तिथला हवालदार प्रामाणिकपणे लिहितो, ‘हद्दीत नाही’. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर पत्त्यावरून ठाणं शोधायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, त्याला हद्द पाठ असते.

आता नावाबद्दल, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो आणि तो आपला खास मराठी घोळ आहे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात नाव आणि त्याच्या पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असं दोन्ही एकत्र असतं. समजा, ‘सुनंदा वसंत’. आडनाव वेगळ्या ओळीवर. टीटीपीत पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने दिसले की हात आपसूक ‘वसंत’ मधल्या रकान्यात टाकतो. टाकू नका. पासपोर्टवर जसं आहे तसं ‘सुनंदा वसंत’ पहिल्या रकान्यात, मधला रिकामा. व्हिसावर काय छापलंय तेही शेजारी धरून ताडून पाहा.

आईंच्या अर्जात माहेरचं पूर्ण नाव ‘इतर नावं’ या भागात द्यायचं. लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर तेसुद्धा. हे लपवण्यासारखं काही नाही, पण जुन्या कागदांवर ते नाव असतं आणि पडताळणीत वर येतं. तेव्हा खुलासा देण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

मागच्या ५ वर्षांचे पत्ते आणि नोकरी, मध्ये एका महिन्याचीही फट न ठेवता. निवृत्त असतील तर निवृत्त असंच लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. रीडेव्हलपमेंटमुळे दोन वर्षं भाड्याच्या घरात काढली असतील (ठाण्यात कुणी काढली नाहीत?), तर तो पत्ताही लागतो आणि त्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार जपून ठेवलेला असावा. ५ वर्षांत कुठल्या देशांना गेले तेही हवं. टूर कंपनीबरोबर केलेलं सिंगापूर-थायलंड लोक विसरतात, पासपोर्ट विसरत नाही.

आणखी एक. टीटीपीत शिरायला लागणारं लॉगिन डॉट गव्हचं खातं आईबाबांचं वेगवेगळं, ईमेलही वेगवेगळे. ओटीपीसाठी तुमचा अमेरिकन मोबाइल टाकू नका. ते ठाण्यात असताना तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजलेले असतील. त्यांचाच मोबाइल द्या आणि बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टच्या पिशवीत ठेवा.

– नेरूळ (प.)

---

काका, ताई, खूप उपकार. आता तीन शंका. ग्लोबल एन्ट्रीची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते का? मुलांनाही पोलिसांचं हे सगळं करावं लागेल का? आणि मुंबईच्या ई-गेटचं काय?

– एडिसनहून

---

मुलांचं आधी, कारण सोपं आहे. ती अमेरिकन नागरिक म्हणून अर्ज करतील, भारतातल्या पडताळणीचा संबंधच नाही. तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर असाल तर तुम्हीही अमेरिकेची कायम रहिवासी म्हणून अर्ज करता. भारतीय पासपोर्टवर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वगैरेवर असाल तर मात्र तुम्हालाही जीईपी पडताळणी हवी. ती अमेरिकेत राहून भारतीय कॉन्सुलेटमार्फत होते, त्यासाठी ठाण्याला यायची गरज नाही.

मुलाखत: वकिलातीत नाही. भारतात नोंदणी केंद्रच नाही. ‘सशर्त मंजुरी’ आली की दोन वाटा. अमेरिकेतल्या नोंदणी केंद्रात वेळ घ्यायची, किंवा ‘एन्रोलमेंट ऑन अरायव्हल’, म्हणजे उतरल्यावर तिथल्या तिथे मुलाखत. पाहुण्यासारख्या येणाऱ्या आईबाबांना दुसरी वाट उत्तम. वेळ घ्यावी लागत नाही, नेवार्क, जेएफके, सॅन फ्रान्सिस्को अशा मोठ्या विमानतळांवर सोय आहे. सशर्त मंजुरीपासून ७३० दिवसांत मुलाखत व्हायला हवी. वर्षाआड येणाऱ्यांना ते बेताचं आहे, म्हणून अर्ज पुढच्या प्रवासाचा अंदाज घेऊन करा.

या वाटेवरचे खड्डे दोन. अबू धाबीमार्गे तिकीट असेल तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि विमान न्यूयॉर्कला देशांतर्गत असल्यासारखं उतरतं. उतरल्यावर मुलाखत मागायला तिथे अधिकारीच भेटत नाही. अबू धाबीतच मुलाखतीची सोय आहे का ते आधी पाहा, नसेल तर त्या प्रवासापुरतं दुसऱ्या मार्गाचं तिकीट काढा. दुसरं, उतरून लगेच पुढचं विमान असेल तर मुलाखतीच्या भानगडीत पडू नका. बॅगा पट्ट्यावर फिरत राहतात आणि जीव टांगणीला. सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा. दहा बोटांचे ठसे, फोटो, चार प्रश्न. वयस्कांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि विमानातल्या कोरड्या हवेत हात आणखी सुकतात. उतरायच्या आधी हाताला थोडं क्रीम चोळायला सांगा, यंत्र कमी कुरकुरतं.

एफटीआय-टीटीपी: दिल्लीत २२ जून २०२४ ला सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआयधारक दोघांनाही. वयाची काही अट आहे का ते संकेतस्थळावर पाहून घ्या; अर्ज प्रत्येकाचा वेगळा. गृह मंत्रालयाच्या एफटीआय-टीटीपी संकेतस्थळावर फोटो, पासपोर्टची पानं आणि ओसीआय असेल तर ते कार्ड चढवायचं. मंजुरीचा संदेश आला की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद, विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिक नोंदणी) कार्यालयात. अर्ज करताना पासपोर्टची निदान ६ महिने मुदत शिल्लक हवी. सदस्यत्व ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणून बाबांचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपत असेल तर आधी तो नवा करून घ्या, मगच हे आणि ग्लोबल एन्ट्री दोन्ही. अर्ज अर्ध्यावर असताना पासपोर्ट क्रमांक बदलणं म्हणजे चालत्या लोकलमध्ये डबा बदलणं.

घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला ई-गेटने वाचवलेली १५ मिनिटं कितपत दिलासा देतात, हा वेगळा विषय.

– वाशी, सेक्टर २९

---

मंजुरीनंतरचं राहिलं, ते लिहिते.

कार्ड अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना येतं, भारतीय पासपोर्टवरच्या आईबाबांना येत नाही; त्याने काही अडत नाही. महत्त्वाचा आहे ९ आकडी पासआयडी, तो टीटीपीच्या खात्यात दिसतो. तोच तुमचा ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’. अमेरिकेतल्या प्रत्येक विमान तिकिटात तो घालावा लागतो. नौपाड्यातल्या एजंटाने काढलेल्या तिकिटात तो नसतोच, एअरलाइनच्या संकेतस्थळावर ‘मॅनेज बुकिंग’मध्ये जाऊन स्वतः घाला. चेक-इन झाल्यावर घातला तर बोर्डिंग पास पुन्हा काढा. पासवर प्रीचेकची खूण छापली नसेल तर त्या रांगेत घेत नाहीत, हुज्जत घालण्यात अर्थ नाही. खूण न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिकिटावरचं नाव किंवा जन्मतारीख सदस्यत्वाशी जुळत नाही, हेच असतं. पुन्हा ‘सुनंदा वसंत’!

जुलै २०२५ पासून बूट काढायची सक्ती अमेरिकेत सगळ्यांसाठीच संपली. तरी प्रीचेकमध्ये लॅपटॉप, द्रवाची पिशवी बाहेर न काढता जाता येतं आणि रांग लहान असते. प्रीचेक असलेले आई, वडील किंवा पालक सोबत असतील तर १२ वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्याबरोबर प्रीचेकच्या रांगेत चालतात.

सदस्यत्व जातं कशामुळे? आपल्या लोकांचं बहुधा पिशवीमुळे. ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाची कीड त्यातून येते. सामानातून नेलेला हापूसही चालत नाही. पण गुन्हा वस्तूचा नसतो, न सांगण्याचा असतो. ‘खाण्याचं काही आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की फार तर ती पुडी कचऱ्यात जाईल. ‘नाही’ म्हणून बॅगेत मसाल्याच्या डब्याखाली कढीपत्त्याची जुडी निघाली, तर दंड आणि सदस्यत्व रद्द. आईंना निघण्याआधी हे नीट बजावा, कारण शेजारीण ‘चार पानं ने गं लेकीला’ म्हणून शेवटच्या क्षणी हातात कोंबते. घरातल्या सगळ्यांचे मिळून १० हजार डॉलरच्या वर रोख असेल तर तेही सांगायचं.

५ वर्षं संपायच्या वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदतीत केला तर निर्णय लागेपर्यंत, जास्तीत जास्त २४ महिने, जुनं सदस्यत्व चालू राहतं. त्या दरम्यान पासपोर्ट नवा झाला असेल तर टीटीपीच्या खात्यात नवा क्रमांक आधी भरा.

– नेरूळ (प.)

---

ठरलं मग. बाबांचा पासपोर्ट पुढच्या मार्चमध्ये संपतोय, म्हणजे गणपतीत वागळे इस्टेटला त्याचंच काम. आईचा टीटीपी अर्ज आजच भरायला घेते. ताई, बाबा परवा घरात भाडेकराराची फाइल शोधत होते, मिळाली का ते आधी विचारते.

– एडिसनहून