टायमिंग ‘पुढे’ घ्यायचं म्हणजे लवकर की उशिरा?

प्रश्न : फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनावर मराठीत दुरुस्तीचं टिपण लिहितो आहे. ‘अ‍ॅडव्हान्स’ला ‘टायमिंग पुढे घेणे’ आणि ‘रिटार्ड’ला ‘मागे घेणे’ चालेल का? आणि ‘इग्निशन टायमिंग’ला, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्याला, ‘प्रज्वलनकाल’?

उत्तर : ‘पुढे’ कृपया नको. लग्न पुढे ढकललं म्हणजे उशिरा, आणि घड्याळ पुढे आहे म्हणजे आधी वाजणार. अर्थ एकमेकांच्या उलट. वाचणारा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) भलतीकडे वळवेल आणि चढावर इंजिन टकटकायला लागेल. आपल्याकडे ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे नेमके शब्द आहेत. पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा टीडीसी. ठिणगी तिच्या १०° अलीकडे पडते. अ‍ॅडव्हान्स म्हणजे ठिणगी लवकर, रिटार्ड म्हणजे उशिरा. यात घोळ होत नाही.

दुसरं उत्तर : ‘प्रज्वलनकाल’ला माझा विरोध आहे. ‘काल’ म्हटलं की मिलीसेकंद डोळ्यासमोर येतात, आणि आपण मोजतो क्रँकचा, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याचा, कोन. ८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १०° फिरायला क्रँकला सुमारे २ मिलीसेकंद लागतात, ६००० ला जेमतेम ०.२८. मिश्रण जळायला मात्र वेळ लागतोच, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी अलीकडे न्यावी लागते. ‘इग्निशन टायमिंग’ तसंच ठेवा, पण पूर्ण लिहा. नुसतं ‘टायमिंग’ वाचून कोणी टायमिंग बेल्ट उघडायला बसेल.

तिसरं उत्तर : ‘टायमिंग सेट करणे’ याचाही अर्थ इंजेक्शनमध्ये बदलतो. हाताने लावायचं ते फक्त मूळ टायमिंग. त्यावरची भर कंप्युटर घालतो. टोयोटाचं ४ए-एफई घ्या. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. डायग्नोसिसच्या डबीत टीई१ आणि ई१ ही भोकं तारेने जोडायची, म्हणजे कंप्युटर आपली भर काढून घेतो. (चुकीच्या भोकात तार गेली तर फ्यूज उडेल, झाकणावरची नावं नीट वाचा.) टायमिंग लाइटचा (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरवर. क्रँकच्या पुलीची खाच १० च्या आकड्यासमोर यायला हवी. नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट ढिले करून बॉडी किंचित वळवायची : आतला रोटर फिरतो त्याच्या उलट वळवली की ठिणगी लवकर. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी १° वळली की टायमिंग २° सरकतं. नखभर हलवा आणि पुन्हा बघा. बोल्ट आवळताना ती थोडी सरकते, म्हणून आवळल्यावर परत तपासायचं. तार काढायची, मगच काम संपलं.

प्रश्न : तार जोडूनही खाच नाचत राहिली तर?

तिसरं उत्तर : आधी थ्रॉटल पोझिशन सेन्सर (हवेची झडप किती उघडी ते सांगणारा) बघा. त्यातला आयडलचा (झडप बंद असतानाचा) संपर्क जुळलेला नसेल तर कंप्युटर भर काढतच नाही, आणि तुम्ही चुकीच्या आकड्यावर डिस्ट्रिब्युटर आवळून बसता. अ‍ॅक्सिलरेटरची केबल फार ताणलेली असली तरी हेच होतं. खाच स्थिर आहे, आकडाही बरोबर आहे, तरी गाडीत जोर नाही, असं असेल तर पुलीवर संशय घ्या. तिच्या दोन भागांमधलं रबर सुटलं की बाहेरचं कडं खाचेसकट सरकतं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून खरी टीडीसी शोधा आणि खाचेशी ताडून बघा.

दुसरं उत्तर : लक्षणांसाठीही साधे शब्द पुरतात. ठिणगी फार लवकर : भाराखाली टकटक, चालू करताना स्टार्टरला उलटा झटका. फार उशिरा : ओढ कमी, पेट्रोल जास्त, एक्झॉस्ट अति तापतो. आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनासाठी ‘सेट करा’ असं लिहूच नका. तिथे वळवायला काही नसतं, टायमिंग फक्त तपासायचं. चुकलं तर क्रँक सेन्सर, त्याची दातेरी चकती नाहीतर बेल्ट.

प्रश्न : मग वाक्य असं करतो : ‘टीई१-ई१ जोडल्यावर ठिणगी टीडीसीच्या १०° अलीकडे पडली पाहिजे, उशिरा पडत असल्यास बॉडी रोटरच्या उलट दिशेने वळवावी.’

उत्तर : उत्तम. फक्त ‘बॉडी’आधी ‘डिस्ट्रिब्युटरची’ घाला, नाहीतर ‘थ्रॉटल बॉडी’ वाटेल.