अर्धसूत्री विभाजन शिकवताना होणारा गोंधळ

प्रश्न: दहावीच्या विद्यार्थ्यांना सूत्री विभाजनाच्या (एका पेशीपासून तशाच दोन पेशी होण्याच्या) चारही अवस्था तोंडपाठ असतात, परंतु अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे प्रजननपेशी तयार होतानाच्या विभाजनात, माणसाच्या ४६ गुणसूत्रांची २३ नेमकी केव्हा होतात, असे विचारले की वर्ग गप्प होतो. आपण हे कसे समजावता?

उत्तर १: गुणसूत्रे म्हणून दोन रंगांची लोकर घ्यावी. पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रांच्या (एक आईकडचे, एक वडिलांकडचे) जोड्या फुटतात आणि संख्या तिथेच निम्मी होते. दुसऱ्यात केवळ अर्धगुणसूत्रे, म्हणजे एकाच गुणसूत्राचे दोन जुळे धागे, विलग होतात, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी केल्याशिवाय त्यांना पटत नाही.

उत्तर २: त्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचे मूलाग्र (मुळाचे टोक) दाखवावे. त्याच्या पेशींत १६ गुणसूत्रे असतात.

प्रश्नकर्ता: मूलाग्रात सूत्री विभाजनच दिसेल, माझी अडचण अर्धसूत्रीची आहे.

उत्तर २: मान्य. मग कांद्याच्याच कोवळ्या कळ्यांतील परागकोश घ्यावेत; तिथे परागकण तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते.