बालसंगोपनचे पैसे बंद करून पोरं बालगृहात टाकायची?

सुगरण: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, बालसंगोपन योजनेत अडचणीतल्या घरातलं मूल घरीच वाढावं म्हणून सरकार देतं ते महिन्याचे २२५० रुपये म्हणजे बापाच्या दारूची सोय, त्यापेक्षा पोरं उचलून बालगृहात ठेवा. वाचून रात्री झोप लागली नाही. माझी मावसबहीण विधवा, शिवणकाम करते, दोन मुलं. अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, वर घरासमोर मुलांसोबत फोटो. धाकट्याने हौसेने दिवाळीचा शर्ट घातला, तर बाबू म्हणाला, "गरीब वाटत नाही." मग अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर हजर राहायला जिल्ह्याला दोन खेपा. पैसे आले चार महिन्यांनी. त्यावर पोरीची शाळा टिकली. दारू कोण पिणार तिथे, फोटोतला बाप? आणि २०१५ चा बाल न्याय कायदाच म्हणतो, संस्था हा शेवटचा उपाय.

देशमुख_परभणी: महाशय मीच. ताई, मी बाप जिवंत असलेल्या घरांबद्दल बोलतोय. आमच्या गल्लीत आई अंथरुणाला खिळलेली, पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. पैसे खात्यात, कार्ड बापाच्या खिशात. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन मी स्वतः लावला, नुसती तोंडाची वाफ दवडत नाही. पोरगा बालगृहात गेला, आज आयटीआय करतोय.

रानजाई: बालगृह म्हणजे स्वर्ग नाही हो. मी तीन वर्षं काढलीत. जेवण वेळेवर, मारही वेळेवर. आई महिन्यातून एकदा केळी घेऊन यायची, एसटीला पैसे नसले की तेही नाही. तिच्या हातात तेव्हा थोडे पैसे असते तर मी तिथे गेलेच नसते.

देशमुख_परभणी: मान्य. पण घरात मारतात की नाही, बघणार कोण?

कोकणी_माणूस: ग्राम बाल संरक्षण समिती आहे की. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव.

सेविका_१८_वर्षं: आली का गाडी आमच्यावर! आहार वाटायचा तर आधी मोबाईलच्या पोषण ट्रॅकर ॲपवर बाईचा चेहरा जुळवा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. कडेवर बाळ घेऊन बाई उन्हात उभी, मी ओरडतेय, "डोळे मिचकाव गं!" वजनं, रजिस्टरं, मतदार यादीचं बीएलओचं काम वेगळंच. समितीची बैठक म्हणजे मी घरोघर फिरून सह्या गोळा करणं. आणि पट्ट्याने मारणाऱ्या बापाची तक्रार केली तर उद्या त्याच गल्लीत जायचंय मलाच.

कोकणी_माणूस: म्हणून संप? २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाड्यांना कुलपं होती, तेव्हा पोरांनी काय खाल्लं?

सेविका_१८_वर्षं: आम्हाला पगार नाही दादा, मानधन म्हणतात त्याला. या, एक महिना माझा मोबाईल सांभाळून दाखवा.

कोकणी_माणूस: मी टॅक्स भरतो, विचारणारच.

सेविका_१८_वर्षं: मीही भरते. काडेपेटी घेतली तरी भरते.

रानजाई: टॅक्सचं भांडण दुसरीकडे घाला ना.

सुगरण: देशमुख, कार्ड बापाकडे असेल तर बापाला धरा. पाकीटमार आहेत म्हणून कोणी पगार बंद करतं का?

देशमुख_परभणी: धरा म्हणे! तो दिवाळीच्या शर्टवाला बाबू धरणार का?

सुगरण: तुम्ही धरलंत ना एकदा? फोन लावून?

देशमुख_परभणी: बरं बाई, जिंकलात. पैसे चालू ठेवा. तसेही चार-चार महिने येत नाहीत म्हणता, मी काय बंद करणार कप्पाळ!