मदत हवी आहे : मित्रांनी बोलणे सोडले

किनाऱ्यावरचा
पंधरा वर्षे वाडीतल्या गणपतीच्या भजनाला पखवाज मी वाजवत आलो. यंदा बोलावणे आले नाही, व्हॉट्सअॅपच्या गटातून नाव काढले, आणि बंदरावर समोर आलो तर मित्र जाळ्याची गाठ उकलत असल्यासारखी मान खाली घालतात. मी ख्रिस्ती आहे, एवढेच कारण. काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

वसईकर
आपण जन्माने ख्रिस्ती आहात की अलीकडे झालात? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीचा फराळ आणि नाताळचा केक शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरतो, त्यामुळे केवळ धर्माचे कारण मला पटत नाही.

किनाऱ्यावरचा
बाप्तिस्मा गेल्या वर्षी मे महिन्यात घेतला. सर्वांना ठाऊक आहे म्हणून लिहिले नाही.

गावराखण
सर्वांना म्हणजे वाडीला. आम्हाला कसे ठाऊक असणार? तरीही हे वाळीत टाकणेच आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तक्रार द्यावी.

हर्णेकर
पखवाजाला बोलावले नाही म्हणून मित्रांना पोलीस ठाण्यात खेचायचे, हा सल्ला गावकीचे तंटे पाहिलेला माणूस देणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही दुरावल्या होत्या. पुढे काही वर्षांनी दोघे एकत्र आले. टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही, तसा आपणही पखवाज सोडू नये.

नारळी
अनुसूचित जातीचा दाखला असल्यास ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत न धरणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी वाचावा.

वसईकर
दाखल्याविषयी कोणी विचारलेले नाही. गेल्या वर्षी गणपतीत, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर, नेमके काय घडले?

किनाऱ्यावरचा
पखवाज वाजवला. आरतीला मात्र उठून पडवीत बसलो आणि मित्राच्या आईने पंचखाद्याची वाटी पुढे केली तेव्हा 'आता मला चालत नाही' असे म्हणालो. काकी वाटी धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

हर्णेकर
हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते. आधी काकींना भेटा.

गावराखण
प्रसाद नाकारणे हा गुन्हा नव्हे. माफी त्यांनी का मागावी?

हर्णेकर
मी भेटा म्हटले, माफी मागा म्हटलेले नाही.

किनाऱ्यावरचा
मित्र होडीवर असतो तेव्हा, संध्याकाळी जाईन. पण काकींनी पुन्हा वाटी पुढे केली तर काय म्हणावे, ते अजून कोणीच सांगितलेले नाही.