शिवणकामातून उरलेल्या कातरणीच्या रोजच्या वापराच्या वस्तू

सुईदोरा:
नमस्कार. मी घरी ब्लाउज आणि लहान मुलांचे कपडे शिवते, आणि त्यातून उरलेल्या कातरणीने आता एक पोते भरत आले आहे. त्यात सुती अस्तराचे तुकडे सर्वाधिक, त्याखालोखाल खणाचे, शिवाय जॉर्जेट, साटीन आणि नेमके कशाचे हे ओळखू न येणारे बरेच काही आहे. बहुतेक तुकडे तळहाताएवढे, तर काही नुसत्या दोन-तीन इंच रुंदीच्या पट्ट्या आहेत. तोरणे, बटवे अशा शोभेच्या वस्तू मला नकोत. मसोती, पायपुसणी, बैठका, पिशव्या असे रोज हाताशी लागणारे काही शिवायचे आहे. वेगवेगळ्या जातींचे कापड एकत्र शिवावे का, आणि रंग जाणारे तुकडे कसे वापरावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

गोधडीवाली:
ताई, रंगसंगतीचा विचार नंतर करावा; आधी पोते रिकामे करून कापडाच्या जातीप्रमाणे ढीग लावावेत. जे तुकडे ओळखू येत नाहीत त्यांचे दोन-चार धागे ओढून, चिमट्यात धरून, मोरीत किंवा ताटलीवर जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडता येते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर मात्र आकसते, वितळते आणि त्याचा कडक मणी उरतो. हा मणी ज्या कापडाचा झाला, ते कापड मसोत्यात बाहेरून, आतून किंवा गोटालाही (कडेच्या पट्टीलाही) वापरू नये, कारण तापलेल्या तव्याला लागून वितळलेले कापड हाताच्या कातडीला चिकटते. एरवीही सुती आणि कृत्रिम कापड शेजारी-शेजारी जोडले, तर धुतल्यावर सुती आटते, दुसरे आटत नाही, आणि सगळी शिवण गोळा होते. म्हणून सुती तुकडे शिवण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावेत.

माजघर:
मसोत्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाजारात मिळणारी बरीचशी मसोती दिसायला गुबगुबीत असली तरी आत स्पंज भरलेली असतात. आठ इंचांचा चौकोन पुरतो. वरून आणि खालून अस्तराच्या तुकड्यांची जोडणी घ्यावी आणि मध्ये जुन्या सुती टॉवेलचे दोन थर घालावेत. टॉवेलच्या फासांत हवा अडकते आणि तीच उष्णता अडवते. याच कारणाने ओल्या मसोत्याने गरम भांडे कधीही धरू नये, कारण हवेची जागा पाण्याने घेतली की चटका क्षणात हातापर्यंत पोचतो. एवढ्या जाडीला मशीनमध्ये 16 नंबरची सुई आणि सुती दोरा घालावा, टाका थोडा मोठा ठेवावा आणि मधून चौकटीची टीप मारावी, म्हणजे आतले थर सरकत नाहीत. कडेला तिरक्या कापलेल्या पट्टीचा गोट लावल्यास कोपरे नीट वळतात. रंग जाणारे तुकडे मी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवते.

रंगारी:
माजघरताई, मसोत्याची कृती उत्तम आहे, पण मिठाबाबत नम्रपणे असहमत आहे. कापड रंगवताना रंग धाग्यात शिरावा म्हणून मीठ घालतात, ही गोष्ट खरी. परंतु रंगवून, विकले जाऊन घरी आलेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने बसत नाही. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. डाग उमटला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत तो तुकडा वेगळा धुवावा; तरीही डाग पडत राहिला, तर त्याची पायपुसण्यात गडद रंगांच्या सोबतीने रवानगी करावी.

पायपुसण्यासाठी तुमच्या पट्ट्या अगदी योग्य आहेत. तिपेडी वेणी घालत जावे, संपत आलेल्या पट्टीला पुढची पट्टी जोडत राहावे, मात्र तिन्ही पट्ट्यांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत. वेणी गोल गुंडाळत हाताने शिवताना काम मांडीवर न घेता टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवावे. बाहेरच्या फेऱ्याला आतल्यापेक्षा जास्त लांबी लागते. वेणी ओढून धरली, तर पायपुसण्याची परडी होते आणि फार सैल सोडली, तर कडेला लाटा उठतात.

गोधडीवाली:
तळहाताएवढ्या तुकड्यांसाठी उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया शिवतात त्या कवंदीची, म्हणजे तुकड्यांच्या गोधडीची, पद्धत पाहण्यासारखी आहे. त्या आधी तुकडे एकमेकांना जोडून घेत नाहीत, तर जुन्या साडीच्या तळावर एकेक तुकडा कड दुमडून ठेवतात आणि कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत धावदोरा घालत जातात. तुकडे मापात कापावे लागत नसल्यामुळे कापड वाया जात नाही. पाटावरची किंवा खुर्चीवरची बैठक या रीतीने सहज होते.

सुईदोरा:
सर्वांचे मनापासून आभार. आज ढीग लावले. खणाच्या तुकड्यांपैकी बऱ्याच तुकड्यांचा जळल्यावर मणीच झाला, आणि त्यांच्या दशाही फार सुटतात. त्यांचे काय करावे?

माजघर:
हल्ली बाजारातले पुष्कळ खण पॉलिएस्टरचेच असतात. त्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवाव्यात. ओल्या पालेभाजीने त्या लवकर खराब होत नाहीत आणि झटकन वाळतात. शिवणीला अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड) सोडून आधी सुलट बाजूने टीप मारावी, मग पिशवी उलटून दुसरी टीप मारावी, म्हणजे सगळ्या दशा आत बंद होतात. पिशवी धरायचे बंद मात्र जाड सुती पट्टीचे करावेत आणि ते तोंडाशी न जोडता पिशवीच्या तळाखालून फिरवून घ्यावेत, नाहीतर दोन किलो कांद्या-बटाट्याला खण शिवणीपाशी फाटेल.