1972 ची एमजीबी बघायला चाललोय, काय काय तपासू?

प्रश्न:
मंडळी, रविवारी 1972 ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघडी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बघायला जातोय. शाळेत असल्यापासून ही गाडी डोक्यात बसलीये त्यामुळे समोर दिसली की लगेच हो म्हणून टाकेन अशी भीती वाटते. फोटोत रंग एकदम चकचकीत आहे, मालक म्हणतो इंजिन नुकतंच बांधलंय. इंजिनाचं मला थोडंफार कळतं, बॉडीचं शून्य. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
बॉनेट नंतर उघड, आधी गुडघ्यावर बस. एमजीबीला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यात रोडस्टरला छप्पर नाही म्हणजे सगळा भार दाराखालच्या सिलवर येतो. बाहेरून एकच पत्रा दिसतो पण आत अजून थर असतात आणि बरेच जण आतला सडका भाग तसाच ठेवून वरून नवा पत्रा वेल्ड करतात, मग रंग मारला की काही कळत नाही. माझी पहिली अशीच निघाली, सहा महिन्यांत दार लागेना. म्हणून दाराच्या फटी नीट बघ, मग मालकाला विचारून सिलच्या मधल्या पॉइंटला जॅक लाव. फट बदलली, दार अडकायला लागलं किंवा जॅकच आत घुसला तर सरळ घरी ये. चुंबक फडक्यात गुंडाळून ने, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. कार्पेट उचलून फ्लोअर पण बघ.

प्रतिसाद २:
वरचं शंभर टक्के बरोबर. इंजिनाचं एवढंच की मालकाला आधीच सांग, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन चालू होताना बघायचंय. 1798 सीसीचं इंजिन दणकट आहे आणि पार्ट्स सहज मिळतात. गरम झाल्यावर चालवताना ऑइल प्रेशर 50 पीएसआयच्या आसपास हवं. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाब आणि आरशात निळा धूर दिसतो का बघ. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर) असेल तर तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये टाकून बघ, आरपीएम खाली यायला पाहिजे. नाही आला तर बऱ्याचदा वायरिंगचाच दोष असतो, पण भाव करताना बोलून दाखव. स्पोकची चाकं असतील तर पुढे-मागे घेताना टक्क आवाज येतो का ऐक, स्प्लाइन, म्हणजे चाक जिथे बसतं तिथले दाते, झिजलेले असतात.

प्रश्नकर्ता:
खूप आभार. मालकाने आत्ताच अजून फोटो पाठवले, ड्रायव्हरच्या दारावर छोट्या तिकोनी काचेच्या खाली बारीक चीर दिसतेय. सोडून देऊ का?

प्रतिसाद १:
अरे नाही, ती चीर एमजीबीला अगदी नेहमीची आहे, वेल्ड होते. सिल ठणठणीत असेल तर त्या चिरेसाठी गाडी सोडू नकोस. सिलचे फोटो रविवारी इथे टाक, खालून काढलेले.